पोटखराब रकान्यातली फुले

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात परवा आमच्या बाजूची एक बातमी वाचली. वनमहोत्सवानिमित्त जुलैच्या पहिल्या आठवड्यात गावच्या ओसाड सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर, झाडे लावणार, त्याआधी जेसीबीने खड्डे मारून घेणार, शाळेची मुले येणार, पाहुण्यांच्या हस्ते पहिले रोप. बातमी देणाऱ्याचा दोष नाही, संस्थेकडून आले तसे त्याने दिले. संस्थेतल्या मंडळींच्याही मनात वाईट काही नाही. माझा सख्खा भाचाच त्यात आहे, म्हणून तर खाली नाव घालत नाही. माझे भांडण त्या एका शब्दाशी आहे. ओसाड.

मी वीज खात्यात ३१ वर्षे काढली, त्यातली बहुतेक लाइनमन म्हणून आणि बहुतेक पेडणे तालुक्यात. रस्ता वळणे घेत गावातून जातो, लाइन मात्र सरळ सड्यावरून जाते. पावसाळ्यात फीडर ट्रिप होऊन लाइन बंद पडली की आम्ही दोघे-तिघे गमबूट चढवून, टॉर्च आणि काठी घेऊन पोलामागून पोल चालत निघायचो. वर पिन इन्सुलेटर फुटलाय का, जंपर सुटलाय का ते बघायचे. आणि खाली बघायचे ते पाय कुठे पडतोय म्हणून, कारण भिजलेला जांभा शेवाळाने साबणासारखा होतो. दोनदा आपटलो आहे, एकदा मनगट मोडून घेतले. तर त्या खाली बघण्यात मी सडा शिकलो. पुस्तकातून नव्हे.

मे महिन्यात सडा बघाल तर तुम्हीही ओसाडच म्हणाल. काळाठिक्कर कातळ, उभे राहिलात तर तळवे भाजतील. पण जूनचे दोन-चार पाऊस पडले की आठ-दहा दिवसांत खाचांतून हिरवे वर येते. जिथे पाणी साचते तिथे शर्टाच्या बटणाएवढे पांढरे गेंद. श्रावणात सीतेची आसवे, इतकी की एखादा तुकडा लांबून निळसर-जांभळा कपडा वाळत घातल्यासारखा दिसतो. त्यांच्यात दवबिंदू नावाचे तांबूस रोपटे. पानांच्या केसांवर चिकट थेंब, त्यावर बसलेले चिलट परत उठत नाही. चवथीच्या आसपास कवळा, सोनकी. मग गवत पिवळे पडते आणि दिवाळीनंतर सगळे पुन्हा कातळ. ही उलाढाल चालते ती कुठे चार बोटे, कुठे दोन बोटे मातीवर.

दवबिंदू किडे का खातो हे मला फार उशिरा कळले. जांभ्यावरून धुऊन जाणाऱ्या पाण्यात झाडाला लागणारे अन्न जवळजवळ नसतेच, म्हणून ते किड्यांतून मिळवायचे. सीतेची आसवे तर दिसायला इतकी गरीब, पण मुळांच्या जागी तिला सुईच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातला बारीक जीव दाराशी आला की आत ओढला जातो. एकदा कौतुकाने मी एक दवबिंदू मातीसकट उचलून घरी आणला आणि कुंडीत लावला. बायकोने आपल्या परीने माया केली, शेणखत घातले. पंधरा दिवसांत मेला. भरल्या घरात ज्याला जगता येत नाही असा पाहुणा आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच बघितला.

दीपकाडीची गोष्ट मात्र सविस्तर सांगतो, कारण हे पत्र खरे तर तिच्यासाठी आहे. निवृत्तीला तीन-चार वर्षे असताना जूनच्या एका सकाळी पोलाखाली दोन मुले चिखलात गुडघे टेकून बसलेली दिसली, एक मुलगा आणि एक मुलगी. मला वाटले काहीतरी पडले असेल, शोधत असतील. विद्यापीठातून आली होती. पुढ्यात पातीच्या कांद्यासारखी दोन-चार पाने, मधून उभा दांडा आणि त्याला लांब नळीची पांढरी फुले. मी म्हटले, हे तर दरवर्षी येते. मुलगी म्हणाली, काका, दरवर्षी येते हे खरे, पण कुठे येते ते ठाऊक आहे का? कोकणपट्टीतल्या जांभ्याच्या सड्यांबाहेर ही जात जगात कुठे उगवत नाही. १९व्या शतकात डालझेल नावाच्या स्कॉटिश साहेबाने तिची पहिल्यांदा नोंद केली आणि नावातच कोकण घातले. याच दीपकाड्यांत गोव्याचे नाव लावणारीही एक जात आहे म्हणे. जमिनीत छोटा कांदा असतो, तो आठ-नऊ महिने कातळाच्या फटीत कोरडा पडून राहतो आणि पहिल्या पावसाला वर येतो.

मी तेव्हा उभा होतो तिथून गमबूट हळूच मागे घेतला. किती वर्षे किती कांदे तुडवले असतील, देवालाच ठाऊक.

आता थोडा लांब जातो, पण परत येईन. माझा थोरला पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला, गोव्यातली आणखी पुष्कळ मुले गेली तसा. दोन वर्षांमागे त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतले. मोपाच्या विमानतळावरून मुंबई आणि मुंबईहून पुढे. ज्या सड्यावर भर पावसात लाइन ओढली त्याच सड्यावरून विमानात बसून उडण्याची वेळ आली. खिडकीतून सगळे बघत होते ते वरचे ढग. धावपट्टीखाली काय काय गेले ते मला पायांनी ठाऊक होते. विमानतळ नको होता असे मी म्हणत नाही, मीच त्यातून गेलो. पण त्या वेळीही सडा म्हणजे ओसाड जागा, हेच सगळीकडे ऐकले होते.

जूनच्या सुरुवातीला सुनेने ठरवले की सासऱ्यांना एक बेट दाखवायचे. बेट म्हटले की आपल्याला दिवाडी नाहीतर चोडण, फेरीबोट, फार तर बोंदेराचा सण. हे लंडी नावाचे बेट डेव्हनच्या किनाऱ्यापासून १९ किलोमीटर आत, ब्रिस्टल चॅनेलमध्ये. इल्फ्राकोम्ब गावच्या धक्क्यावरून ओल्डनबर्ग नावाची बोट जाते, सुमारे दोन तास लागतात. बायको सगळी वाट लिंबाची फोड नाकाशी धरून होती. बेटाची लांबी पाच किलोमीटर, रुंदी सरासरी एकच. बहुतेक ग्रॅनाइटचा खडक, वर गवत, शेळ्या-मेंढ्या, जुने दीपगृह, एक खानावळ. कायमची वस्ती तीस माणसांचीही नाही. १९६९ पासून ते तिथल्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचे आहे.

धक्क्यापासून वर जाणारा चढ आहे. त्या चढावर बाजूच्या कड्याला कमरेएवढी झाडे, पिवळ्याधमक चार पाकळ्यांची फुले. बायको थांबली आणि म्हणाली, "अगो, हीं तर सासवां!" मोहरीला आम्ही घरी सासवां म्हणतो. आणि ती चुकली नव्हती. मुलाने हातातल्या कागदावर वाचून सांगितले की ही मोहरीच्याच कुळातली, नाव लंडी कॅबेज, म्हणजे लंडीचा कोबी, आणि पृथ्वीच्या पाठीवर ती रानात फक्त या बेटावर उगवते. त्यातही सबंध बेटावर नाही. पूर्वेकडच्या कड्यांवर आणि उतारांवर, जिथे समुद्राचा वारा कमी. बायको म्हणाली, आपल्या वायंगणात आली असती तर मी तण म्हणून उपटली असती.

पण मला खरा धक्का पुढे बसला. त्या कोबीवर जगणारा एक भुंगेरा आहे, काशाच्या रंगाचा, पिसूसारखी उडी मारणारा. तोही जगात फक्त तिथेच. कोबी गेला तर तो गेला, त्याला दुसरे दार नाही. एक सोंडकिडाही त्याच झाडाच्या आधाराने राहतो. म्हणजे एका पिवळ्या रानटी मोहरीच्या अंगावर आणखी दोघांचा संसार. आमच्या सड्यावरच्या दीपकाडीच्या अंगाखांद्यावर कोण राहते हे बघायला आम्ही कधी वाकलोय?

आणखी एक गोष्ट मनात घर करून राहिली. ही मोहरी वेगळी आहे हे ओळखले ते कुठल्या मोठ्या शास्त्रज्ञाने नव्हे. समोरच्या किनाऱ्यावरच्या ब्रॉन्टन गावचा एक डॉक्टर, एलिस्टन राइट. फावल्या वेळात रानफुले बघायचा छंद. १९३०च्या दशकात या झाडाला वेगळी जात म्हणून नाव मिळाले तेव्हा त्यात राइट हे नाव घातले गेले. मला तो डॉक्टर फार जवळचा वाटला. तो रोगी तपासायला जायचा, मी फॉल्ट शोधायला. फरक एवढाच की त्याने जे पाहिले ते तो लिहून ठेवायचा आणि मी लॉगबुकात फक्त "पोल क्रमांक अमुक, इन्सुलेटर बदलला" एवढेच लिहिले.

आणि आता येतो मुद्द्यावर. त्या कोबीला सगळ्यात मोठे भय कुणाचे होते? बकऱ्या-मेंढ्या चरतात, ते आहेच. पण त्याहून मोठे भय एका सुंदर झुडपाचे. रोडोडेंड्रॉन. शोभेसाठी कुणीतरी बेटावर आणून लावले, आणि ते पूर्वेच्या उतारावर असे पसरले की त्याच्या गर्द सावलीखाली कोबीला जागाच उरेना. फुले त्याचीही देखणी असतात, गुलाबी-जांभळी. तरी त्या लोकांनी ते वर्षानुवर्षे तोडले. कड्यावरची झुडपे तर दोराला लोंबकळून. कमरेला पट्टा बांधून पोलावर चढलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. झाडे तोडून निसर्ग राखला, हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रात छापले तर लोक तुम्हाला वेड्यात काढतील. पण तिथे तेच झाले.

सडा हे बेटच आहे, संपादक महाशय, फक्त भोवती समुद्र नाही. भोवती काजूच्या बागा, भाताची शेते, रस्ते, घरे. दवबिंदू किंवा गेंद तिकडे उतरून जाऊ शकत नाही. तिथे माती जास्त, सावली जास्त, आणि मोठ्या झाडझाडोऱ्यापुढे या बोटभर झाडांचा टिकाव लागत नाही. उपाशी राहण्याची विद्या त्यांना येते, भरल्या पंगतीत ती घुसमटतात. म्हणून सड्यावर माती आणून टाकणे, खत घालणे, सावली करणे म्हणजे त्यांच्यावर उपकार नव्हेत. आमच्या कुंडीतला दवबिंदू आठवा.

शिवाय खड्ड्याचे मला सांगू नका. नऊ मीटरचा पोल उभा करायचा तर दीड मीटर गाडावा लागतो, आणि जांभ्यात दीड मीटर म्हणजे काय ते पहार मारून हाताला फोड आलेल्यालाच कळते. जेसीबी ते काम दहा मिनिटांत करतो, हीच तर भीती. एका खड्ड्यातून निघालेला खडीचा ढीग भोवतालची चार बोटे माती कायमची झाकतो. मग त्या खड्ड्यात बाहेरून ट्रकने माती आणायची, आणि मातीबरोबर रानमोडी या तणाचे बी फुकट येते. शेजारच्या गावच्या सड्यावर काही वर्षांपूर्वी हा सोहळा झालेला मी पाहिला आहे. पुढच्या मे महिन्यात निम्मी-अर्धी रोपे वाळून गेली, जी तगली ती ऑस्ट्रेलियातून आलेल्या अकेशियाची. आज तिथे सावली आहे, खरे आहे. सावलीत अकेशियाच्या पानांचा वीतभर थर आहे आणि त्या थराखाली काही नाही. फलक अजून उभा आहे, अक्षरे पुसली आहेत.

सड्याखालच्या वाड्यांनी तर याची काळजी अधिक करायला हवी. सड्यावर मुरलेले पाणी जांभ्यातून झिरपत पायथ्याशी झरीला येते आणि त्यावर कुळागरे, म्हणजे सुपारी-माडाच्या बागा, भिजतात. एप्रिलात टँकरची वाट बघणाऱ्या वाडीला मी वेगळे काय सांगू.

मला गंमत वाटते ती आमच्याच लोकांची. चवथीला गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधायची म्हटले की हाच गाव रान पालथे घालतो. कांगलां, शेरवड, फागलां, कळलावी, तोरिंग. आजी नाव सांगते, नातू चढून काढतो. कला व संस्कृती खाते माटोळीची स्पर्धा घेते, त्यात माणसे एकेका रानफळाचे नाव आणि गुण घडाघडा सांगतात. एवढे रान ज्यांच्या तोंडपाठ आहे, त्यांनी सड्याला ओसाड म्हणावे? कदाचित माटोळीला टांगता येईल असे सड्यावर काही मिळत नाही, सगळे पायाच्या घोट्याखालचे, म्हणून असेल.

हे अज्ञान कागदावरही आहे. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून बघा. जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड असे रकाने आहेत, आणि शेवटी पोटखराब. सड्याचा बराचसा भाग त्या रकान्यात जातो. पोटखराब म्हणजे ज्यात पीक येत नाही ती जमीन, एवढाच त्याचा अर्थ; पण एकदा खराब म्हटले की तिथे खाण काढा, कचरा टाका, प्लॉट पाडा, नाहीतर झाडे लावा, सगळे पुण्यच ठरते. रकाना बदलणे माझ्या हातात नाही. दुसरी एक वही मात्र पंचायतीत असते. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीची समिती असते आणि गावातल्या झाडाझुडपांची, जीवजंतूंची नोंदवही तिने ठेवायची असते. आमच्या गावची मी मागून बघितली. आंबा, फणस, काजू, माड, भिरंड. बरोबर आहे, पण ही यादी बाजारात बसूनही करता आली असती. सड्यावरचे एकही नाव नाही. ग्रामसभेत विचारले तर एक जण म्हणाला, दीपकाडी कुणी विकते का?

कुणी विकत नाही, आणि कुणी विकू नये. मला कासही करायचे नाही. कासच्या पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात जागा मिळाली, आणि आज तिथे फुलांच्या दिवसांत माणसांवर मर्यादा घालावी लागते. आमचा सडा लहान आहे, दोन रविवारच्या फोटो काढणाऱ्या गर्दीत संपेल. म्हणून गावाचे नाव लिहिले नाही. आपल्या कार्यालयात वेगळ्या चिठ्ठीने कळवले आहे, ते आपल्यापाशीच ठेवावे.

संस्थेच्या मंडळींना मी भाच्याकरवी निरोप दिला, समोर बसूनही बोललो. झाडे लावायला माझी हरकत नाही. सड्याच्या खाली उतारावर माती आहे, तिथे रानमोडी माजली आहे. ती मुळासकट काढा आणि तिथे किंदळ, नाणा, घोटिंग, भिरंड लावा. खड्डे मारायला मी पहार घेऊन येतो, अजून हात चालतात. मुलांना वर सड्यावर जरूर आणा, पण रोप देऊन नको, एकेक भिंग देऊन आणा. त्यांनी ऐकून घेतले. पण पाहुण्यांची वेळ ठरली आहे, फलक रंगवून झाला आहे, आणि उतारावर गाडी जात नाही, ही खरी अडचण. पाहुण्यांना चालायला लागेल. सड्यावर गाडी थेट जाते.

काल सकाळी पाऊस उघडला तेव्हा वर जाऊन आलो. ज्या पोलाखाली ती दोन मुले बसली होती तिथे सात दीपकाड्या उभ्या आहेत, पाच फुललेल्या. खड्ड्यांच्या जागा चुन्याने आखून झाल्या आहेत. पावसाने चुना थोडा ओघळला आहे, तरी गोल दिसतात. एक गोल पोलापासून दोन हातांवर आहे. जेसीबी सोमवारी येणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त लाइनमन
पेडणे तालुका, गोवा